घरी जोडायची पितळी रायफल-दुर्बीण: काच झकास, बाकी तुमच्या लेथवर

आधी निकाल सांगतो, मग ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढचं वाचू नये. रायफल-दुर्बिणीच्या सुट्या भागांच्या या पेटीतली काच पैसे वसूल करणारी आहे, नळी कामचलाऊ आहे, आणि सोबत दिलेली आकृती चुलीत घालायच्या लायकीची आहे. घरात लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) नसेल तर घेऊ नका. लेथ असेल आणि बारीक आटे पाडायचा आळस नसेल, तर जरूर घ्या.

पेटी मिळाली फ्रेंडशिपला. हे इंडियाना राज्यातलं चिमुकलं गाव. एरवी तिथं बघण्यासारखं काही नाही. पण नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं रेंज तिथं आहे. ही संस्था १९३३ पासूनची. दर जून आणि सप्टेंबरमध्ये ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायच्या, बंदुकांच्या राष्ट्रीय स्पर्धा या रेंजवर होतात, आणि स्पर्धेच्या जोडीला बाजार भरतो. बंदुकीच्या दारूसाठी शिंगातून केलेल्या कुप्या, शिशाच्या गोळ्यांचे साचे, जुनी चाप-कुलपं, कातडी पिशव्या, सगळं मांडलेलं असतं. आम्ही शेजारच्या ओहायोतले, सिनसिनाटीकडचे लोक सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकतो. त्या बाजारात एक म्हातारा कारागीर लाकडी पेटीत रायफल-दुर्बिणीचे सुटे भाग घालून विकतो. धंदा एकट्याचा, पेट्या थोड्याच, जाहिरात शून्य. त्याला नावानिशी इथं उभा करत नाही. किंमत १४० डॉलर.

पेटीत काय असतं? बाहेरून पाऊण इंच व्यासाची, ३० इंच लांब पितळी नळी. पुढचं भिंग म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, दोन काचा चिकटवून केलेलं. प्रतिमा सरळ करणारी दोन भिंगं. डोळ्याकडचं एक भिंग. थोडी पितळी सळई, आणि तो आकृतीचा कागद. क्रॉसहेअर (नेम धरायची तारांची फुली) नाही, स्क्रू नाही, बंदुकीवर बसवायचे माउंट नाहीत. म्हणजे पेटी घेतली की अर्धं काम झालं असं समजणाऱ्याचं अर्धंही झालेलं नसतं.

कोल्हापुरातला माझा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तयार मिळतंय की तसलं. मग हा उद्योग कशाला?" त्याचं बरोबर आहे. हाय-लक्ससारख्या कंपन्या जुन्या माल्कम धर्तीच्या लांब दुर्बिणी तयार करून विकतात, आणि त्यांच्या भिंगांवर आजच्या पद्धतीचा लेप असतो. ज्याला फक्त नेम धरायचा आहे त्यानं काही शे डॉलर मोजावेत आणि मोकळं व्हावं. माझी गोष्ट वेगळी. माझा हात बसला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यातल्या लेथवर. भोक कोरून आत बुश (घट्ट बसणारं नळकांडं) घातला आणि तो हवा दाबत हळूच सरकला की अजून बरं वाटतं. असल्या माणसाला तयार वस्तू विकत घेण्यात काय मजा?

या दुर्बिणीला 'माल्कम धर्तीची' का म्हणतात, ते दोन ओळींत. न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या अंगाला युटिका नावाचं गाव आहे. तिथल्या मॉर्गन जेम्सनं जॉन रॅटक्लिफ चॅपमन या सिव्हिल इंजिनियरच्या कल्पनेवरून १८४० च्या दशकात बंदुकीवर बसणाऱ्या लांब दुर्बिणी केल्या. मग १८५५ मध्ये शेजारच्या सिराक्यूज गावी विल्यम माल्कमनं रंगदोष (कडेला दिसणारी रंगीत झालर) कमी करणारी, दोन काचांची जोडभिंगं वापरून त्या जास्त चांगल्या केल्या. नळी जवळजवळ बंदुकीच्या नळीइतकी लांब, आणि नेम जुळवायची सगळी यंत्रणा बाहेर, माउंटमध्ये. आजच्या स्कोपमध्ये हे सगळं पोटात असतं.

यात आपल्याकडचाही एक धागा आहे. डेव्हिड डेव्हिडसन हा स्कॉटिश माणूस मुंबई इलाख्याच्या फौजेत अधिकारी होता. हिंदुस्थानात असतानाच त्यानं रायफलीवर दुर्बीण बसवायचे प्रयोग केले. पुढं त्याच्या नमुन्याच्या दुर्बिणी व्हिटवर्थ रायफलींवर चढल्या आणि अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांच्या हातात गेल्या. बंदुकीच्या वर न बसवता डाव्या अंगाला बसवायच्या. फ्रेंडशिपच्या बाजारात व्हिटवर्थचं नाव काढलं की लोक खुर्ची ओढून बसतात. मी तिथं मुंबई फौजेचं नाव काढतो तेव्हा माझ्याकडं संशयानं बघतात.

आता पेटीकडं वळू.

ऑब्जेक्टिव्ह साडेबारा मिलिमीटर व्यासाचं आहे. त्याचं नाभीय अंतर कारागिरानं कुठंच लिहिलेलं नाही. शाळेतलीच युक्ती केली. दिवसा अंधाऱ्या खोलीत खिडकीसमोर भिंग धरून दूरच्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडली आणि फूटपट्टीनं मोजलं. ३५० मिलिमीटर भरलं. प्रतिमेच्या कडा करकरीत, फांद्यांच्या बाजूला रंगीत झालर जवळजवळ नाही. एवढ्या लहान व्यासाला एवढं लांब नाभीय अंतर म्हटल्यावर भिंगावर ताण कमी, त्यामुळं चूकही कमी दिसते. पण नुसतं साधं एकेरी भिंग दिलं असतं तर निळा आणि लाल रंग साडेपाच-सहा मिलिमीटर मागंपुढं एकवटले असते. जोडभिंगाचा फायदा तो हाच. इथं म्हाताऱ्याला पैकीच्या पैकी.

आतली दोन भिंगं मात्र एकेरी, एका बाजूला सपाट, प्रत्येकी १०० मिलिमीटर नाभीय अंतराची. ऑब्जेक्टिव्हनं पाडलेली प्रतिमा उलटी असते. ती पहिल्या भिंगापासून १०० मिलिमीटरवर ठेवायची, म्हणजे किरण समांतर होऊन निघतात, आणि दुसरं भिंग ते पुढं १०० मिलिमीटरवर पुन्हा एकवटतं. आता प्रतिमा सुलटी. फुगीर बाजू एकमेकींकडं तोंड करून हव्यात. आकृतीत त्या उलट दाखवल्या आहेत. तसं करून बघाच, कडा कशा विस्कटतात ते. मधले किरण समांतर असल्यानं दोन भिंगांतलं अंतर थोडं इकडंतिकडं झालं तरी बिघडत नाही. मी २० मिलिमीटर ठेवलं. शेवटी ६० मिलिमीटर नाभीय अंतराचं डोळ्याकडचं भिंग. हिशेब सोपा: ३५० भागिले ६०, म्हणजे सहापटीला जरा कमी. लांबी ३५० अधिक २२० अधिक ६०, म्हणजे ६३० मिलिमीटर, पंचवीस इंचांच्या आसपास. उरलेली पाच इंच नळी कापू नका. ती भिंगाच्या पुढं राहू दे. तिरपं ऊन अडतं आणि पहाटेचं दंव काचेवर जरा उशिरा बसतं.

साध्या भिंगांमुळं पांढऱ्या कागदाच्या कडेला फिकी जांभळी रेघ दिसते. काळ्या वर्तुळावर नेम धरताना तिचा त्रास नाही. पण दिसायची ती दिसते.

नळीची तक्रार करायलाच हवी. दीड मिलिमीटरच्या वर जाडी आहे, ती ठीक. वजन नुसत्या नळीचंच अर्ध्या किलोच्या वर जातं, तेही चालेल. पण आतून ती गोल नाही. मधल्या भागात कुठंतरी दाबल्यासारखी चपटी आहे. भिंगांच्या पितळी डब्या एका टोकानं सरकवल्या तर मध्येच अडतात. मी लांब दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून आत फिरवत बसलो, तेव्हा कुठं त्या सुरळीत गेल्या. आतून काळं करणं हे वेगळं काम. पितळ आतून चमकतं, आणि ही चमक डोळ्यात आली की चित्र दुधात बुडाल्यासारखं फिकं पडतं. मॅट काळा रंग द्यायचाच, शिवाय मध्ये दोन-तीन ठिकाणी भोकाच्या चकत्या बसवायच्या. आकृतीत चकत्यांचा उल्लेख नाही.

भिंगं डबीत चिकटवायच्या भानगडीत पडू नका. बंदूक धक्का देते, आणि गोंद कधीतरी सुटतोच. डबीला आतून बारीक आटे पाडून वर कडी पिळावी. कडी काचेला फक्त टेकली पाहिजे. आवळली तर काच ताणाखाली येते आणि प्रतिमा बिघडते.

आता क्रॉसहेअर. पेटीत नाही म्हटलं खरं, पण याच कामात या दुर्बिणीचा जीव आहे.

पूर्वी कोळ्याच्या जाळ्याचा धागा वापरत. दुसऱ्या महायुद्धातही अमेरिकेत ब्लॅक विडो कोळ्याचा धागा नेमाच्या उपकरणांत गेला. आमच्या सहापटीला तो फार बारीक, काळ्या वर्तुळावर हरवून जातो. केस वापरावा असं बाजारात अनेक जण सांगतात. केसाची जाडी बरोबर आहे. साधारण ०.०७ मिलिमीटर, म्हणजे १०० यार्डांवर पाऊण इंचाला जरा कमी एवढी जागा झाकतो. पण केस हवेतला ओलावा पिऊन लांबतो, आर्द्रता मोजायची जुनी यंत्रं याच गुणावर चालत. ओहायोच्या दमट उन्हाळ्यात तो सैल पडणार हे ठरलेलं. मी जुन्या रिलेच्या कॉइलमधली ०.०५ मिलिमीटरची तार घेतली. ती १०० यार्डांवर साधारण अर्धा इंच झाकते. तार ज्यावर ताणायची त्या रिंगवर काटकोनात सुईनं ओरखडे काढायचे, तार त्यात घालून दोन्ही टोकांना लहान वजनं लटकवायची, म्हणजे ती आपोआप ताठ होते, आणि वर चपड्याचा (पातळ लाखेचा) थेंब. वाळला की टोकं कापायची.

रिंगचं भोक ७ मिलिमीटर ठेवलं. त्यामुळं १०० यार्डांवर सहा फुटांचा तुकडा दिसतो, त्यापेक्षा जास्त नाही. आजच्या स्कोपची सवय असणाऱ्याला हे किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं वाटेल. जुन्या दुर्बिणी अशाच असायच्या. नळीच बारीक, तर दृश्य कुठून रुंद होणार?

पण खरी मेख रिंग कुठं बसवायची ही आहे. आकृती सांगते, "ऑब्जेक्टिव्हपासून नाभीय अंतरावर." हे चंद्रासाठी खरं आहे. निशाण्यासाठी नाही. निशाणा जवळ असला की प्रतिमा नाभीच्या मागं पडते. ३५० मिलिमीटरच्या भिंगाला १०० यार्डांवरच्या निशाण्याची प्रतिमा १.३ मिलिमीटर मागं, २०० यार्डांची त्याच्या निम्मी. तार प्रतिमेच्या पातळीत नसेल तर डोळा जरा डावीउजवीकडं हलवला की तार निशाण्यावरून सरकते. बंदूक हललेली नसते, तरी नेम हललेला दिसतो. हाच पॅरॅलॅक्स, आणि नेम चुकण्याची निम्मी कारणं इथं असतात. म्हणून रिंगच्या डबीला नळीत लांबट खाच करून ग्रब स्क्रूनं (बिनडोक्याच्या स्क्रूनं) मागंपुढं सरकती ठेवावी. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची, डोकं हलवायचं, तार जागची हलत नाही असं झालं की स्क्रू आवळायचा. आधी डोळ्याकडचं भिंग सरकवून तार स्वतः स्पष्ट दिसेल असं करून घ्यावं, नाहीतर डोळाच तडजोड करतो आणि तुम्हाला कळत नाही.

माउंट मी स्वतःच केले. इथं भरपूर वेळ जातो, आणि जावाच.

पुढचा माउंट बिजागरीसारखा हवा, दोन्ही दिशांना फिरणारा. नळीला घट्ट मिठी मारणारी कडी पुढं लावली, तर मागचा स्क्रू फिरवल्यावर नळी वळण्याऐवजी वाकते. वाकलेली नळी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी सरळ होते आणि गोळ्या भटकतात. मी एका कडीत दुसरी कडी घालून चार टोकदार स्क्रूंवर तोलली. मागच्या माउंटला एक स्क्रू वरून, एक बाजूनं, आणि समोरून स्प्रिंग. स्क्रू भंगारातल्या एका मायक्रोमीटरचे. इंची मायक्रोमीटरला इंचाला ४० आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). दोन माउंटमध्ये माझं अंतर १८ इंच आहे. १०० यार्ड म्हणजे ३६०० इंच, त्याला १८ नं भागलं की २००. म्हणजे एक थाऊ सरकवला की गोळी इंचाच्या पाचव्या भागानं सरकते, आणि पूर्ण फेऱ्याला पाच इंच. आजच्या स्कोपच्या पाव मिनिटाच्या क्लिकपेक्षा (कोनाचं पाव मिनिट, १०० यार्डांवर साधारण पाव इंच) हे बारीक आहे. क्लिकचा आवाज मात्र येत नाही, रेघ वाचावी लागते. म्हातारपणी चष्मा वर करून ती वाचणं ही वेगळीच कसरत.

माझी रायफल ठासणीची, .४० कॅलिबरची, गोल गोळी आणि कापडाचा तुकडा घालून ठासायची. धक्का नावापुरता. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण डोळा डोळ्याकडच्या भिंगाच्या जवळच ठेवावा लागतो. जास्त धक्क्याच्या बंदुकीवर ही दुर्बीण चढवली तर भुवईवर अर्धचंद्र उमटणार. नळी पुढं सरकवून बसवायला जागा आहे, पण दृश्य तेवढंच आणखी अरुंद होतं. ज्यांच्याकडं जास्त दारू भरायच्या बंदुका आहेत त्यांनी ही पेटी नको म्हणावं.

निकालाचं विचाराल तर १०० यार्डांवर बाकावरून टेकू देऊन तीन इंचांत गोळ्या येतात. उघड्या नेमानं मला हे कधीच जमलं नव्हतं. चाळिशीनंतर मागची खाच, पुढची माशी आणि निशाणा ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. दुर्बिणीत सगळं एका पातळीत येतं, मोठं दिसणं हा वरचा नफा. ढगाळ संध्याकाळी मात्र ही दुर्बीण लवकर आंधळी होते. पुढचं भिंग एवढंसं, डोळ्यात येणारा झोत दोनच मिलिमीटरचा. नळी हवाबंद नाही, त्यामुळं पावसात आतून वाफ धरते. मग डोळ्याकडची डबी काढून उन्हात ठेवणं हाच उपाय.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी. तिकडं ठासणीची का असेना, बंदुकीला परवाना लागतो, आणि ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं ते भोकाच्या साइटवर, दुर्बिणीच्या मदतीशिवाय. पण ही नळी बंदुकीशिवायही कामाची आहे. घरी दुर्बीण करणारे आकाशवेडे तिकडं कमी नाहीत, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. अशा मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर सरळ प्रतिमेचा, क्रॉसहेअर असलेला फाइंडर (तारा शोधायची छोटी दुर्बीण) म्हणून ही नळी बसवता येईल. तेव्हा रिंग खरोखरच नाभीय अंतरावर ठेवायची. तिथं मात्र म्हाताऱ्याची आकृती बरोबर आहे! फक्त साडेबारा मिलिमीटरच्या काचेतून अंधुक तारे दिसायची अपेक्षा ठेवू नका, ठळक ताऱ्यांवर काम भागेल.

खर्च असा. पेटी १४०, माउंटसाठी पितळ आणि पोलाद ५० च्या आसपास, मायक्रोमीटर भंगारातला. तयार दुर्बिणीच्या निम्म्यातही बसतं, जर स्वतःच्या वेळेची मजुरी लावली नाही तर. बायकोनं ती लावून दाखवली. तो आकडा इथं देत नाही.

सप्टेंबरमध्ये पुन्हा त्याच्या टेबलाशी गेलो होतो. आतली दोन भिंगंही जोडभिंगं करून देशील का, असं विचारलं. तो म्हणाला, देतो, तीस डॉलर जादा पडतील. ते द्यावेत, जांभळी रेघ जाईल. नळी घेण्याआधी उजेडाकडं धरून आरपार बघा, चपटी असेल तर दुसरी मागा. तो बदलून देतो, कुरकुर न करता. आकृती मागू नका. ती तो तशीही फुकट देतो.